मामगीचं शेत : सासूबाईंच्या आठवणींच्या प्रकल्पाच्या नोंदी

11 जानेवारी 2025

काम सुरू केलं. सासूबाईंच्या लहानपणीच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायच्या, पेटीतल्या जुन्या फोटोंना नावं-गावं लावायची, आणि सगळं नीट लावून ठेवायचं.

सासूबाई 1936 सालच्या. जन्म लंडनचा. 1940 मध्ये तिथं बॉम्ब पडायला लागले तेव्हा आईवडलांनी त्यांना आणि धाकट्या भावाला मामगीकडे धाडलं. मामगी म्हणजे आजी; वेल्सच्या दक्षिण-पश्चिमेकडे अशीच हाक मारतात. तिचं शेत ट्रेगॅरॉन गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. युद्ध संपेपर्यंत दोघं तिथंच राहिली, गावच्या शाळेत गेली. नंतर लंडनला परतली खरी, पण लग्नापर्यंतचा प्रत्येक उन्हाळा त्याच घरात गेला.

आईवडलांचा लंडनमध्ये दुधाचा धंदा होता. त्या काळात लंडनच्या दूधवाल्यांत कार्डिगनशरच्या, म्हणजे आजच्या केरेडिगियॉनच्या, लोकांचा मोठा भरणा होता. कोपऱ्यावर दुकान, वर राहायची जागा, पहाटे रतीब. त्याच्याही आधी इथले लोक गुरांचे कळप पायी हाकत लंडनला नेत, आणि इथल्या बायका लंडनच्या बागांत खुरपणीला चालत जात. मी लांज्याची. वडील मुंबईत गिरणीत, आणि मे महिना लागला की आम्ही भावंडं गावी. ह्या लोकांची चाकरमानी रीत मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. म्हणूनच बहुधा हे काम मला माझं वाटतं.

19 जानेवारी

पहिलं रेकॉर्डिंग. मोबाईल न वापरता छोटा रेकॉर्डर घेतला, फाइल डब्ल्यूएव्ही, 48 किलोहर्ट्झ. बोलताना फ्रिज बंद ठेवायचा, त्याची घरघर आवाजात उतरते. टेबलावर घडी घातलेला टॉवेल आणि त्यावर रेकॉर्डर, म्हणजे कप ठेवल्याचा आवाज दणकत नाही.

प्रश्न वेल्शमध्येच विचारायचे हे नक्की झालं. इंग्रजीत विचारलं की सासूबाई दोन-चार वाक्यांत आटपतात. वेल्शमध्ये विचारलं की त्यांचे हात हलायला लागतात, त्या पदार्थ करूनच दाखवतात. माझं वेल्श अजून शिकाऊ आहे, पण त्यांच्या घरातलं बोलणं आता बहुतेक कळतं. अडलं की नवरा आहेच.

आज विषय चूल. मोठं उघडं धुराडं, त्यात पीटची आग. पीट म्हणजे दलदलीतून विटांसारखा कापून वाळवलेला, कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा थर. लाकडासारखा भडकत नाही, पण रात्रभर धुमसत राहतो. मामगी झोपताना आगीवर राख ओढून ठेवायची आणि सकाळी तीच आग फुंकून जागी करायची. आगीवर टांगलेल्या हंड्यात काउल : खारवलेलं मांस, बटाटे, गाजर, सलगम, लीक. लाकडी वाडगा आणि लाकडी चमचा, कारण धातूच्या चमच्यानं ओठ भाजतात. दुसऱ्या दिवशी गरम केलेला काउल जास्त चांगला लागतो, असं आमच्याकडे आजही सगळे म्हणतात.

मग प्लँक. जाड लोखंडी सपाट तवा. त्यावर वेल्श केक भाजायचे. तवा तापला की नाही हे बघायला मामगी त्यावर चिमूटभर मैदा भुरभुरायची. लगेच काळा पडला तर तवा उतरवायचा. सावकाश बदामी झाला तर पहिली खेप लावायची. हे सांगताना सासूबाईंचा अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर चोळली जात होती, आणि रेकॉर्डरमध्ये त्याचा बारीक आवाजही आला आहे. तो कापायचा नाही.

2 फेब्रुवारी

रविवारबद्दल. शनिवारी संध्याकाळी बटाटे सोलून पाण्यात ठेवायचे, बुटांना पॉलिश, झऱ्यावरून पाणी भरून आणायचं. रविवारी कात्री हातात घ्यायची नाही, विणकाम नाही. सकाळी चॅपल, दुपारी संडे स्कूल, संध्याकाळी परत चॅपल. मुलांनी पुढं येऊन बायबलमधलं एक वचन म्हणायचं. सगळ्यांत छोटं ‘देव प्रेम आहे’, ते सगळ्यांना पाठ. सासूबाई सहा वर्षांच्या झाल्या तेव्हा मामगीनं सांगितलं, आता हे लहानांना सोड, तू नवं शीक. दर आठवड्याला नवं वचन, गोठ्यात दूध काढताना पाठ करून घेतलेलं. त्यातली कितीतरी त्यांनी आज धडाधड म्हणून दाखवली.

गाईंचं काम मात्र रविवारीही होतंच. लंडनमध्ये रतीबही रविवारी चुकत नसे. लंडनच्या वेल्श चॅपलांमधून ह्यावरून कुरबुर चालायची, असं त्यांचे वडील सांगत.

15 फेब्रुवारी

पेटीतले फोटो स्कॅन करायला घेतले. 600 डीपीआय, टिफ फाइल; मागची बाजूही स्कॅन करायची, कारण पेन्सिलीनं लिहिलेली नावं तिथं आहेत. फाइलच्या नावात आधी साल, मग जागा, मग माणसं. साल नक्की नसेल तर दशक.

निम्मी पेटी झाली आणि एक गोष्ट लख्ख दिसली. ह्यात हिवाळा नाहीच. पाऊस नाही. चिखल नाही. सगळे फोटो ऊन पडलेले, सगळ्यांच्या अंगात बरे कपडे. कारण शेतावर कॅमेरा नव्हता. लंडनहून सुट्टीला येणाऱ्या काकांकडे ब्राउनी कॅमेरा होता. तो ऑगस्टमध्ये यायचा आणि त्यांच्याबरोबर परत जायचा. म्हणजे घराची सगळी चित्रमय आठवण पाहुण्यांच्या नजरेतून आलेली. मामगी ज्या फोटोंत आहे त्यांत ती अॅप्रन काढून, केस सारखे करून, हात पुढं बांधून उभी. काम करणारी मामगी फक्त एका फोटोत आहे, तीही चुकून. फोटो तट्टूचा काढलेला. डाव्या कडेला, चौकटीत अर्धीच, एक बाई बादली घेऊन वाकलेली. गमबूट, गोणपाटाचं अॅप्रन कमरेला दोरीनं बांधलेलं, तोंड दिसत नाही. सासूबाईंनी भिंगातून पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, ‘ती डुकराला घालायला चालली आहे. डाव्या हातात बादली म्हणजे डुकराचीच. उजव्या हातानं ती फळी उचलायची.’

दीराचं म्हणणं, अल्बमच्या पहिल्या पानावर अॅबरिस्टविथच्या समुद्रावरचा फोटो टाकू, तो छान आहे. छान आहेच. पण पहिलं पान ह्या कडेच्या बाईचं होणार. मी तसं सांगितलं आहे.

आता रेकॉर्डिंगचे प्रश्नही त्याप्रमाणे बदलते. फोटोंत जे नाही ते आधी विचारायचं.

22 फेब्रुवारी

अॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीत, म्हणजे वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, गेले. आमच्या घरापासून टेकडीवर चढत जायचं एवढंच. जेफ चार्ल्स ह्या वृत्तपत्र-छायाचित्रकाराच्या सुमारे 1,20,000 निगेटिव्ह्ज तिथं आहेत. मेंढ्यांची लोकर कातरणं, बाजार, बर्फात अडकलेली घरं, माणसं नेहमीच्या कपड्यांत. आमच्या शेताचं त्यात काही नाही, पण सासूबाईंना ती चित्रं स्क्रीनवर दाखवली की पुढचं बोलणं आपोआप निघतं.

एक नाव इथं लिहून ठेवते : मिनवेल टिबट. 1969 मध्ये त्या कार्डिफजवळच्या सेंट फेगन्सच्या संग्रहालयात रुजू झाल्या आणि पुढं वेल्सभर फिरून म्हाताऱ्या बायकांना त्यांच्या स्वयंपाकाबद्दल, धुण्याबद्दल, घरकामाबद्दल विचारत राहिल्या. तोवर नांगर, गाड्या, अवजारं ह्यांच्या नोंदी पुष्कळ होत्या. बायका दिवसभर नेमकं काय करतात हे इतक्या बारकाईनं विचारणारं कुणी नव्हतं. ‘आधी काय करायचात? मग?’ एवढेच साधे प्रश्न मी सासूबाईंना विचारते.

9 मार्च

हिवाळा. आज दोन तास सलग बोलल्या, मध्ये चहा.

वीज नव्हती, ती शेतावर पन्नाशीच्या दशकात आली. स्वयंपाकघरात अॅलॅडिनचा रॉकेलचा दिवा, झोपायला मेणबत्ती. रेडिओ होता, पण तो काचेच्या बॅटरीवर चालायचा, आत अॅसिड. ती गावातल्या गॅरेजमध्ये चार्ज करायला न्यायची, दुसरी घेऊन यायची. न्यायचं काम सासूबाई आणि भावाचं. अॅसिड सांडलं तर पायमोजे जळतात म्हणून दोघं मध्ये काठी घालून ती लटकवत, एका चालीत चालत. बॅटरी उतरली की बातम्या बुडायच्या, म्हणून मामगी रेडिओ फक्त बातम्यांना आणि चॅपलच्या गाण्यांना लावू द्यायची.

नोव्हेंबरात डुक्कर मारायचं. युद्धात त्याला परवाना लागायचा. मांस मीठ लावून खारवायचं आणि मग छताच्या हुकांना टांगायचं. पण टिकणारं नसेल ते, म्हणजे काळीज आणि बरगड्यांचे तुकडे, त्याच दिवशी शेजाऱ्यांकडे ताटलीतून धाडायचं. कोणाकडे कोणता तुकडा जाईल हे ठरलेलं. महिन्याभरानं त्यांच्याकडचं डुक्कर मारलं की तसाच तुकडा परत यायचा. फ्रिज नसलेल्या डोंगरात हिवाळाभर ताजं मांस मिळायचं ते ह्या देवाणघेवाणीमुळं. कुणी हिशेब लिहीत नसे, आणि कुणी विसरतही नसे.

नव्या वर्षाच्या सकाळी कॅलेनिग. मुलांनी घरोघर जाऊन शुभेच्छांची गाणी म्हणायची आणि सुटी नाणी मिळवायची. दुपारचे बारा वाजायच्या आत. बारानंतर दार उघडलं तरी पैसे मिळायचे नाहीत. डोंगरातली घरं लांब लांब, त्यामुळं अंधारातच निघायचं, कंदील घेऊन. ‘पायात नवे बूट असायचे का?’ असं विचारलं तर हसल्या. भावाचे बूट त्यांचे, त्यांचे बूट कुणा आतेबहिणीचे.

23 मार्च

शेतांची नावं. सासूबाईंना सगळी पाठ आहेत : झऱ्याचं शेत, भट्टीचं शेत, लांबचं शेत, वरची दलदल. 1836 च्या कायद्यानंतर चर्चच्या दशमांश कराच्या आकारणीसाठी वेल्सभर पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणं, नकाशे केले गेले. प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि सोबतच्या यादीत कसणाऱ्याचं नाव, शेताचं नाव, क्षेत्रफळ. नॅशनल लायब्ररीनं ते सगळे स्कॅन करून ऑनलाइन ठेवले आहेत.

सासूबाईंनी आधी आठवणीतून कागदावर नकाशा काढला, मग मी जुना उघडला. झऱ्याचं शेत तेच, त्याच जागी. भट्टीचं शेतही. सासूबाईंच्या नकाशात एक शेत ‘मारीचं शेत’ आहे, ते जुन्या यादीत नाही. म्हणजे मारी कोण असेल ती बहुधा त्या नकाशानंतरची. उलट जुन्या यादीतली काही नावं त्यांनी कधी ऐकलेली नाहीत. दोन्ही एकाच तक्त्यात मांडली, शेजारी त्यांच्या आवाजातला उच्चार जोडला.

6 एप्रिल

प्रवास. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून कारमार्थन, तिथं गाडी बदलून ट्रेगॅरॉन. शेवटच्या टप्प्यावर गाडी सावकाश, प्रत्येक थांब्यावर दुधाचे कॅन. डब्यातली भाषा कारमार्थननंतर बदलायची, आणि आई तिथून पुढं मोठ्यानं बोलायला लागायची, हे त्यांना नीट आठवतं.

त्या लोहमार्गावरची प्रवासी वाहतूक 1965 च्या फेब्रुवारीत बंद झाली. आज अॅबरिस्टविथहून कारमार्थनला रेल्वेनं जायचं तर इंग्लंडमधल्या श्रूजबरीवरून वळसा घालावा लागतो. ट्रेगॅरॉनच्या पुढं कोर्स कॅरॉन ह्या दलदलीच्या कडेनं जुन्या रुळांच्या जागी आता सायकलवाट आहे.

परतीचं सामान : मिठाचं लोणी, गवतात गुंडाळलेली अंडी, कोंबडी, आणि मामगीच्या मर्जीप्रमाणं खारवलेल्या मांसाचा तुकडा. इंग्लंडात रेशनिंग 1954 पर्यंत चाललं, त्यामुळं त्या ट्रंकेची वाट लंडनमधले शेजारीही बघत.

27 एप्रिल

गवताची कापणी. हे रेकॉर्डिंग सगळ्यांत महत्त्वाचं.

उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या शेवटी लागायची, आणि त्या उंचीवर गवत तेव्हाच तयार व्हायचं. लंडनहून आलेली मुलं पहिल्या दिवशी ओढ्यात खेळत, दुसऱ्या दिवशी लाकडी दाताळं हातात. कापलेलं गवत उलटायचं, वाळलं की ओळी करायच्या, ढग आले की पळत ढीग घालायचे. शेजारची सगळी घरं मदतीला. आज आपल्याकडे, उद्या त्यांच्याकडे, क्रम हवेवर. गॅम्बो नावाच्या सपाट गाडीवर गवत रचलं की लहान मुलांना वर चढवायचं, नाचून ते दाबायला. सासूबाईंना ह्यातलं सगळ्यांत आवडतं काम तेच, आणि सगळ्यांत नावडतं म्हणजे माळ्यावर कोंबायचं, कारण तिथं धूळ, अंधार आणि पोटरीला बोचणारे काटे.

युद्धाच्या शेवटी शेवटी मदतीला एक इटालियन युद्धकैदी यायचा. केरेडिगियॉनच्या दक्षिणेला हेनल्लानला त्यांची छावणी होती आणि तिथले कैदी आसपासच्या शेतांवर पाठवत. त्याला वेल्शचे थोडे शब्द आले, इंग्रजी जवळजवळ नाहीच. जेवायला तो सगळ्यांबरोबर टेबलाशी बसायचा. त्याचं नाव सासूबाईंना आठवत नाही ह्याचं त्यांना फार वाईट वाटतं. आज दोनदा त्या तिथंच थांबल्या.

आणि मामगी? मी विचारलं, ‘आधी काय करायची? मग?’ पहाटे पाचला दूध काढणं. मग पाव. मग दहा-पंधरा माणसांचं जेवण, शेतावर न्यायचा चहा कॅनमधून, ‘बारा ब्रीथ’ ह्या मनुका घातलेल्या वेल्श पावाचे काप, ताक. मग भांडी. मग गवतावर स्वतः हात लावायला. संध्याकाळचं दूध. रात्री साय काढून लोणी. लंडनहून आलेली सासूबाईंची आई एका आठवड्याच्या सुट्टीत त्याच सगळ्यात उभी राहायची; दुकानाच्या गल्ल्यावरून उठून आलेल्या बाईची सुट्टी ही अशी. सासूबाई म्हणाल्या, ‘आम्हाला कुणी कामाला लावलं असं वाटायचंच नाही. सगळेच कामात, मग आपण बाजूला कसे उभे राहणार?’

मुलांचा आनंद खरा होता, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण तो ज्या बाईच्या अंगमेहनतीवर उभा होता तिला आठवणीत कडेला ठेवणं मला मान्य नाही.

18 मे

यंदाचा वसंत कोरडा गेला, रस्ता चांगला होता. शेतावर जाऊन आलो. जमीन शेजाऱ्यानं कसायला घेतली आहे; घर सुट्टीसाठी भाड्यानं देतात. आधी विचारून गेलो होतो. राहायला आलेलं कुटुंब बर्मिंगहॅमचं, फार आपुलकीनं आत घेतलं. दुधाच्या खोलीत आता न्हाणीघर आहे. धुराडं आहे, त्यात बंद काचेची शेगडी. छताचे हुक तसेच ठेवले आहेत, त्यांवर सुकवलेल्या फुलांच्या जुड्या.

सासूबाईंनी त्या घरातल्या मुलीला हुक दाखवून सांगितलं, ह्यावर अख्खी मांडी टांगलेली असायची, आणि खालून जाताना डोक्यावर मीठ पडायचं. मुलीनं लगेच विचारलं, मग डुक्कर कोण मारायचं? पुढचा अर्धा तास दोघी त्यावरच बोलत होत्या, इंग्रजीत, आणि त्या दिवशी सासूबाईंची इंग्रजी वाक्यं छोटी नव्हती. परवानगी घेऊन तेही रेकॉर्ड केलं.

परतताना ल्लान्गाइथोच्या चॅपलचं कबरस्तान. अठराव्या शतकात डॅनियल रोलंडच्या प्रवचनांना ह्या गावात वेल्सभरातून माणसं लोटत. कबरींच्या दगडांवर जागोजाग ‘लंडन’ कोरलेलं. जन्मभर तिकडं दूध विकून शेवटी शवपेटी पॅडिंग्टनहून रेल्वेनं इकडं आणलेली माणसं. सासूबाईंच्या वडलांचं नावही त्यांत आहे. मजकुरासह फोटो काढले.

15 जून

संडे स्कूलची सहल. वर्षातून एकदा, बसनं अॅबरिस्टविथला. प्रॉमच्या, म्हणजे समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्याच्या, उत्तर टोकाला जाऊन कठड्याला लाथ मारायची, ही इथली रीत आम्हीही पाळतो. 1896 पासूनची कड्यावरची रेल्वे, गाढवावर फेरी, वाळू आलेले सँडविच. रेकॉर्डिंग छोटं, आनंदी. मामगी कधी आली नाही, संध्याकाळचं दूध काढायला कुणीतरी हवं. तिच्यासाठी पेपरमिंटची पुडी न्यायची, ती ती चॅपलमध्ये प्रवचनाच्या वेळी एकेक करून संपवायची.

6 जुलै

अनुक्रमणिका पूर्ण केली : प्रत्येक फाइलला मिनिटानुसार विषय, वेल्शमध्ये आणि इंग्रजीत, माझ्या लेकीसाठी मराठीतही. तीन प्रती : एक आमच्याकडे, एक दीराकडे, एक लंडनला सासूबाईंच्या भावाच्या घरी.

‘पीपल्स कलेक्शन वेल्स’ ह्या लोकांच्या आठवणी जपणाऱ्या वेबसाइटवर कोणत्या गोष्टी चढवायच्या हे सासूबाईंबरोबर बसून ठरवलं. चूल, गवत, रेडिओची बॅटरी, शेतांची नावं, रविवार : हो. शेजाऱ्यांच्या भांडणाची आणि एका लग्नाची हकीकत : नाही, ती माणसं गेली असली तरी त्यांची नातवंडं ट्रेगॅरॉनच्या बाजारात रोज भेटतात. त्या फाइली घरातच राहतील.

कडेच्या बाईचा फोटो पहिला चढवला. खाली काय लिहायचं हे सासूबाईंनी सांगितलं, मी तसंच लिहिलं : मामगीचं पूर्ण नाव, शेताचं नाव, ‘डुकराला घालायला जाताना, 1948 च्या सुमारास’.

उरलेलं : भावाकडची फोटोंची दुसरी पेटी ऑगस्टमध्ये यायची आहे. इटालियन माणसाच्या नावासाठी खालच्या शेतावरच्या आजींना विचारायचं, त्याही तेव्हा तिथं गवत उलटायला होत्या. सासूबाई स्वतः फोन करणार आहेत.